रिटायरमेंट व्हिसा आणि हेल्थ इन्शुरन्स: बायकोला शुगर आहे, फॉर्ममध्ये लिहायचं की नाही?

फोंडेकर६३:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, आज लिहायची वेळ आली. मी ६३, बँकेतून रिटायर झालोय, फोंड्यात राहतो, बायको ६१. मुलगी आणि जावई पोर्तुगालला पोर्तोजवळ असतात, नातू दीड वर्षाचा झाला, व्हिडिओ कॉल लागला की तो फोनच्या मागे हात घालून आजी कुठे आहे ते शोधतो, आणि त्यानंतर हिचं जेवणात लक्ष लागत नाही. टुरिस्ट व्हिसावर गेलो होतो पण ९० दिवस झाले की परत, मग सहा महिन्यांच्या हिशोबात पुन्हा ९०, हे या वयात किती वेळा करणार. म्हणून डी-सेव्हन, म्हणजे पेन्शन-भाड्याच्या उत्पन्नावर तिथे राहण्याचा व्हिसा करायचं ठरवलंय. उत्पन्नाचं गणित बसतं, २०२५ च्या हिशोबाने एकट्याला महिना ८७० युरो म्हणजे तिकडचं किमान वेतन आणि जोडीदाराला त्याच्या निम्मे, दोघांना १३०५, माझं पेन्शन आणि एका दुकानाचं भाडं मिळून तेवढं होतं. पोलिस क्लिअरन्स पणजीच्या पासपोर्ट ऑफिसातून मिळालंय.

अडलंय ते इन्शुरन्सवर. हिला ११ वर्षं शुगर, बीपीची गोळी चालू, २०१९ साली अँजिओग्राफी झाली तेव्हा ब्लॉकेज नव्हतं. मडगावला एका एजंटकडे गेलो, तो म्हणाला काका शुगर-बीपी काही लिहू नका, लिहिलंत तर प्रीमियम डबल नाहीतर सरळ रिजेक्ट, व्हिसाला फक्त कागद लागतो तो मी देतो. घरी आलो तर हीच म्हणाली, ज्या कागदावर मी ठणठणीत आहे असं खोटं लिहिलंय तो कागद घेऊन मी परक्या देशात आजारी कशी पडू? मला उत्तर सुचलं नाही.

तर विचारायचं असं की व्हिसाला साधा ट्रॅव्हल इन्शुरन्स पुरतो का, पुरला तर पुढे तिथे राहताना काय, शुगरवाल्याला तिकडे कोणी पॉलिसी देतं का, आणि आमची इथली मेडिक्लेम २००९ पासून एकही वर्ष न चुकता चालू आहे, दोघांची मिळून १० लाखांची, जावई म्हणतो तुम्ही इथे राहणार मग तिकडचे हप्ते कशाला, ती बंद करावी का. आणि एक विनंती, पासपोर्ट बदलायचा सल्ला नको. वडील १९६१ च्या आधीचे, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीतले, म्हणून पोर्तुगीज पासपोर्टवर आमचा हक्क आहे ते ठाऊक आहे, मोठ्या भावाने नोंदणी करून घेतलीय. मला माझा पासपोर्ट ठेवायचाय.

म्हापशाची_ब्रागात:

भाऊ, पहिल्यांदा तुमच्या मिसेसना सांगा की त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. आम्ही दोघं २०२३ पासून डी-सेव्हनवर ब्रागाला आहोत, माझ्या मिस्टरांना पण शुगर, त्यामुळे तुमचं लिहिलेलं वाचून राहवलं नाही.

व्हिसासाठी लागतो तो ट्रॅव्हल मेडिकल इन्शुरन्सच, किमान ३०,००० युरोचा, त्यात तातडीचे उपचार आणि वेळ आली तर मायदेशी परत आणायचा खर्च धरलेला पाहिजे. भारतीय कंपनीचा चालतो, आमचा भारतीयच होता. पण हा विमा कशासाठी आहे ते नीट समजून घ्या. अपघात झाला, अचानक अटॅक आला, अपेंडिक्स झालं तर. शुगरच्या गोळ्या, दर तीन महिन्यांचं एचबीएवनसी म्हणजे शुगरची रक्ततपासणी, डोळ्यांची तपासणी, पायाला जखम झाली तर ड्रेसिंगच्या फेऱ्या, यातलं काही त्यात येत नाही. तुम्ही तिथे राहायला जाताय आणि तो विमा फिरायला जाणाऱ्यासाठी बनवलेला आहे.

दुसरं म्हणजे मधला काळ, त्याबद्दल कोणी बोलत नाही. पासपोर्टवर चिकटतो तो व्हिसा चार महिन्यांचा असतो, दोन वेळा आत जाता येतं, आणि त्या चार महिन्यांत आयमाकडे अपॉइंटमेंट होऊन रेसिडन्स परमिटची प्रोसेस व्हायची असते. आयमा म्हणजे २९ ऑक्टोबर २०२३ पासून सेफ या जुन्या इमिग्रेशन खात्याच्या जागी आलेलं खातं. कागदावर चार महिने, आमची तारीख पुढे गेली आणि कार्ड हातात यायला सातवा महिना उजाडला. पॉलिसी १२० दिवसांचीच घेतली होती, वाढवायचं सुचलं तोवर संपून गेली होती आणि संपलेली पॉलिसी वाढवून मिळत नाही. नेमका त्याच आठवड्यात मिस्टरांना लघवीचं इन्फेक्शन होऊन थंडीताप आला, प्रायव्हेटला गेलो, सगळे पैसे खिशातून गेले. रक्कम मोठी नव्हती पण रात्रभर मी हाच विचार करत बसले होते की हे हार्टचं असतं तर. म्हणून सांगते, पहिल्यापासून १८० दिवसांचीच घ्या आणि संपायच्या महिनाभर आधी फोनमध्ये गजर लावून ठेवा.

कार्ड आलं की सगळं सोपं होतं. ते घेऊन आपल्या भागातल्या सेंत्रु द सावुद म्हणजे आरोग्य केंद्रात जायचं, तिथे उतेंत नंबर म्हणजे पेशंट नंबर मिळतो, त्यावर एसएनएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवा चालू होते. जून २०२२ पासून तिथली बहुतेक फी बंद झालीय, कोणी न पाठवता थेट इमर्जन्सीला गेलात तर मात्र द्यावी लागते, म्हणून आधी ८०८ २४ २४ २४ ला फोन करायचा, ते सांगतील कुठे जायचं. सरकारी डॉक्टरच्या चिठ्ठीवर इन्सुलिन फुकट मिळतं. तिथे जुना आजार आहे म्हणून कोणी नाकारत नाही, प्रीमियमचा तर प्रश्नच नाही, शुगरवाल्या माणसासाठी याच्याएवढी मोठी गोष्ट नाही.

अडचण आहे ती फॅमिली डॉक्टरची. पुष्कळ लोकांना अजून नेमून दिलेला नाही, आम्हालाही नाही, जो ड्युटीवर असेल तो बघतो आणि तज्ज्ञाची तारीख यायला महिने जातात. म्हणून इथले लोक वरून प्रायव्हेट विमा घेतात. तो शुगरवाल्याला मिळतो पण शुगर आणि त्यातून होणारं सगळं वगळून, आणि वय वाढेल तसं नवीन पॉलिसीचं दार बंद होत जातं. आम्ही मिस्टरांसाठी घेतला नाही, माझ्यासाठी घेतला.

सांखळीकर:

धाग्यात घुसतो त्याबद्दल माफी, पण प्रश्न तोच आहे. आमचं पोर्तुगालशी काही नातं नाही, मी ५८, बायको ५५, थायलंडला हुआ हिनला सहा-सात महिने राहावं असं मनात आहे, पावसाळ्यात घर बंद ठेवून. तिथे इन्शुरन्स कम्पल्सरी आहे असं एक जण म्हणतो आणि अजिबात नाही असं दुसरा म्हणतो. नक्की काय?

तारवटी_वास्को:

दोघंही खरं बोलतायत, कारण दोघं वेगळ्या व्हिसाबद्दल बोलतायत. ३१ वर्षं जहाजावर काढली, आता सहावं वर्ष आहे हुआ हिनलाच, म्हणून सविस्तर लिहितो.

ओ-ए म्हणतात तो लाँग स्टे व्हिसा आपल्या देशातून काढून जायचा असतो. वय ५० पूर्ण, बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न, पोलिस क्लिअरन्स, मेडिकल सर्टिफिकेट. या व्हिसाला विमा सक्तीचा आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ ला सुरू झालं तेव्हा ॲडमिट होण्यासाठी ४ लाख बाट आणि ओपीडीसाठी ४०,००० एवढं कव्हर मागत होते, २०२१ साली ते १ लाख डॉलर म्हणजे ३० लाख बाट झालं. आणि हे एकदा दाखवून भागत नाही, ओ-ए वर आलेल्या माणसाला दर वर्षी मुदत वाढवताना पुन्हा दाखवावं लागतं, ६९ व्या वर्षीही आणि ७६ व्या वर्षीही. बायको तुमच्यावर अवलंबून म्हणून येणार असेल तर तिच्या विम्याचंही आधी विचारून घ्या.

दुसरा रस्ता साध्या नॉन-इमिग्रंट ओ चा. त्यावर ९० दिवसांसाठी आत यायचं, थाई बँकेत खातं उघडून ८ लाख बाट ठेवायचे, मुदतवाढीच्या आधी दोन महिने ते तसेच पडून असले पाहिजेत, नंतरही तीन महिने हात लावायचा नाही आणि त्यापुढे वर्षभर ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. यात विमा सक्तीचा नाही. बहुतेक वयस्कर माणसं हाच रस्ता धरतात, कारण सत्तरीनंतर नवीन पॉलिसी कोण देणार.

पण सक्ती नाही म्हणून विमा घ्यायचा नाही असं कृपा करून करू नका. इथे परदेशी माणसाला फुकट काही नाही. माझ्या बिल्डिंगमध्ये आपल्याच देशाचे एक गृहस्थ होते, ६७ वय, बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. प्रायव्हेट हॉस्पिटलने आत घेतलं पण ऑपरेशनआधी डिपॉझिट मागितलं. त्यांच्याकडे पॉलिसी होती, ती काढताना बीपी आहे हे लिहिलंच नव्हतं कारण एजंटने लिहू नका असं सांगितलेलं, अगदी फोंडेकर भाऊंना सांगितलं तसंच. कंपनीने जुने रिपोर्ट मागवले, त्यात सहा वर्षं बीपीची गोळी सापडली, क्लेम नाकारला. हाड मोडण्याचा आणि बीपीचा काय संबंध म्हणून त्यांचा मुलगा भांडला, कंपनीचं म्हणणं चक्कर येऊन पडले. शेवटी गावची जमीन गहाण टाकून पैसे पाठवले. मी स्वतः त्यांच्या कॉटजवळ बसून ते फोन ऐकलेत, आजही विसरता येत नाहीत.

सांखळीकर भाऊ, अजून एक, तुम्ही ये-जा करणार म्हणून. मुदतवाढ मिळाल्यावर देश सोडायच्या आधी री-एंट्री परमिट काढा, एका वेळचं १,००० बाट, अनेक वेळचं ३,८००. ते न काढता चवथीला घरी आलात तर मुदतवाढ तिथेच संपली, परत पहिल्यापासून सगळं. आणि सलग ९० दिवस राहिलात की पत्ता कळवायचा, तो काही त्रास नाही, ऑनलाइन होतो.

विम्यातला_माणूस:

मी २६ वर्षं विम्याचंच काम केलंय, क्लेमच्या बाजूला, आता रिटायर्ड. वरची खुब्याची हकीकत वाचून वाईट वाटलं पण नवल वाटलं नाही. क्लेम आला की पहिलं काम जुनी प्रिस्क्रिप्शनं मागवायचं असतं आणि डॉक्टर केसपेपरवर पहिल्याच ओळीत लिहितो, अमुक वर्षांपासून शुगर. पेशंट स्वतःच तोंडाने सांगतो, सांगितलंच पाहिजे, नाहीतर उपचार चुकतील. म्हणजे एजंटकडे लपवलेलं हॉस्पिटलात उघड होणारच, फक्त तोवर तुम्ही कॉटवर असता. एजंटचं कमिशन तेव्हा मिळून गेलेलं असतं. फोंडेकर भाऊ, ११ वर्षांची शुगर, बीपी आणि २०१९ ची अँजिओग्राफी, तिन्ही लिहा. रिपोर्ट नॉर्मल होता तरी लिहा, फॉर्ममध्ये प्रश्न तपासणी झाली का असा असतो. भारतीय ट्रॅव्हल पॉलिसीत जुन्या आजाराला बहुतेक वेळा जिवावर बेतेल एवढ्यापुरतंच कव्हर असतं आणि त्यालाही वेगळी मर्यादा लावलेली असते, ते कलम शोधून दोन कंपन्यांचं शेजारी ठेवून वाचा. प्रीमियम कुठे कमी आहे ते नंतर बघा.

आता मेडिक्लेम. जावयांना माझा निरोप द्या, ती पॉलिसी बंद करायची नाही म्हणजे नाही. २००९ पासून सलग चालू आहे म्हणजे जुन्या आजाराचा वेटिंग पिरियड कधीच सरला. २०२४ पासून नियम असा की सलग ६० महिने भरले की सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती दिली नव्हती या कारणावर कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. आज तुमच्या मिसेसना नवीन पॉलिसी काढायला लावली तर १ एप्रिल २०२४ पासून ६५ ची वयोमर्यादा उठल्यामुळे वय आड येणार नाही, पण शुगरसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि देणं न देणं कंपनीच्या हातात. हे १६ वर्षांचं सलगपण पैशाने परत विकत मिळत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढा हप्ता हलका झाला असेल.

ती पॉलिसी भारतातल्या उपचारांपुरतीच असेल, तरी तिचा उपयोग आहे. गुडघा बदलायचा, मोतीबिंदू, ठरवून करायच्या सगळ्या गोष्टी तुम्ही सुट्टीत इथे येऊन करू शकता, तिकडच्या वेटिंग लिस्टची वाट न बघता. गोवा सरकारच्या दीनदयाळ योजनेचं कार्ड असेल तर तेही रिन्यू करत राहा.

आणि एक बारीक गोष्ट, जी तुम्ही बँकेतले असून निसटेल. तिकडे राहायला गेलात की तुमचं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं होणार. खात्यात बदल झाला की इन्शुरन्सचं ऑटो-डेबिट कधीकधी गपचूप बंद पडतं, कंपनीचा एसएमएस जातो तुमच्या इथल्या सिमवर, ते सिम ड्रॉवरमध्ये. वार्षिक हप्त्याला ग्रेस पिरियड ३० दिवसांचा, तो उलटला की १६ वर्षं गेली. मी असे चार-पाच जण डोळ्यासमोर बघितलेत. गोव्यातल्या एखाद्या भाच्याचा नंबर आणि ईमेल कंपनीकडे देऊन ठेवा आणि हप्त्याची तारीख त्याच्याही कॅलेंडरवर टाका.

केपेची_मावशी:

माझी मुलगी आम्हाला स्पेनला ये म्हणते. तिथेही हा ३०,००० युरोवाला चालेल का?

विम्यातला_माणूस:

नाही मावशी, स्पेनचं एकदम वेगळं आहे. त्यांच्या नॉन-लुक्रेटिव्ह, म्हणजे नोकरी-धंदा न करता राहण्याच्या व्हिसाला ट्रॅव्हल इन्शुरन्स चालतच नाही. स्पेनमध्ये धंदा करायला परवानगी असलेल्या कंपनीचाच पूर्ण हेल्थ इन्शुरन्स लागतो, त्यात तुमच्या खिशातून काही भरायचं नाही, सुरुवातीचा भाग तुमचा आणि पुढचा आमचा असलं काही नाही, वेटिंग पिरियड नाही, थोडक्यात तिथल्या सरकारी सेवेइतकं कव्हर पाहिजे. तरुण धडधाकट माणसाला ते सहज मिळतं. तुम्हाला काही जुना आजार असेल तर व्हिसाच्या बाकी कागदांना हात लावायच्या आधी पॉलिसी मिळते का तेवढंच बघा, कारण तिथेच अडतं. उत्पन्नाची अट पण मोठी आहे, एकट्याला वर्षाला २८,८०० युरो आणि जोडीदाराचे ७,२०० वर. एक बरं आहे, वर्षभर तिथे राहिलात की पैसे भरून सरकारी सेवेत शिरता येतं, ६५ च्या आत महिना ६० युरो, त्यावर १५७, आणि त्यात जुना आजार आडवा येत नाही. म्हणजे पहिलं वर्षच काढायचं असतं.

फोंडेकर६३:

सगळ्यांचे मनापासून आभार, देव बरे करो. रात्री हिला एकेक उत्तर वाचून दाखवलं, खुब्याचं वाचलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. एजंटला आज फोन करून सांगितलं की तुमच्याकडून पॉलिसी नको. तिन्ही गोष्टी लिहून दुसरीकडे कोटेशन मागवलंय, हिचा प्रीमियम माझ्या दीडपटीच्या वर येतोय पण मिळतेय, रिजेक्ट झालेली नाही. १८० दिवसांचीच घेतो. मेडिक्लेमसाठी पुतण्याला सांगितलंय, एनआरओचं लक्षातच आलं नव्हतं आणि आयुष्यभर लोकांची खाती मीच बदलून दिली.

आता एकच विचारायचं राहिलं, चवथीला आम्हाला घरी यायचंच आहे, गणपती आमच्याकडे असतो आणि भाऊ तिकडे गेल्यापासून पूजा मीच करतो. कार्ड मिळाल्यावर बाहेर किती दिवस राहता येतं? आणि हिची औषधं किती न्यायची?

म्हापशाची_ब्रागात:

भाऊ, चवथ अगदी आरामात होते. पहिलं कार्ड दोन वर्षांचं, त्या मुदतीत सलग सहा महिन्यांच्या वर किंवा तुकड्या-तुकड्यांत मिळून आठ महिन्यांच्या वर बाहेर राहायचं नाही. दोन वर्षांत आठ महिने, तेव्हा चवथीला महिनाभर आणि हवं तर शिमग्याला पंधरा दिवस, तरी उरतात. आम्ही चवथीला येतोच. फक्त पहिल्या वर्षी, कार्ड हातात येईपर्यंत, तिकीट काढताना सांभाळा, त्या व्हिसावर आत यायच्या दोनच वेळा आहेत आणि आयमाची तारीख चुकवू नका.

औषधं तीन महिन्यांची न्या, मूळ पाकिटात, डब्यात काढून नको. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या आणि त्यावर ब्रँडचं नाव नको, औषधाचं खरं नाव लिहायला सांगा, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन असं, मिलिग्रॅमसकट. तिकडे डॉक्टर त्याच नावाने लिहितात, आपल्या इथल्या ब्रँडची नावं फार्मसीत कोणालाच कळत नाहीत, मी पहिल्या महिन्यात रिकामी स्ट्रिप घेऊन तीन दुकानं फिरले होते. अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि गेल्या वर्षातले एचबीएवनसी सगळे एका फाइलमध्ये ठेवा, आरोग्य केंद्रात पहिल्या दिवशी तेच मागतात.

आणि मिसेसना सांगा, उकडे तांदूळ पोर्तोला मिळत नाहीत, सामानात जागा ठेवा.

फोंडेकर६३:

डॉक्टरांची अपॉइंटमेंट सोमवारची घेतली. चिठ्ठी तशीच लिहून घेतो. तांदळाचं हिला सांगितलं, तिने पिशवी आधीच वजन करून ठेवलीय.